नवशिक्याचा संगणक

आमच्या वरच्या वर्गांतील मुलांमध्यें सध्यां एक नवी हौस शिरली आहे. तयार संगणक विकत न घेतां सुटे भाग आणावयाचे आणि खेळांसाठीं संगणक स्वतःच्या हातांनीं जोडावयाचा, ही ती हौस होय. ती वाईट आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु "त्यांत अवघड तें काय? खाचेंत खाच बसविली कीं झालें!" असें जें जो तो नवशिक्यास सांगत असतो, तें आमच्या मतें खरेंहि नाहीं आणि हितकारकहि नाहीं.

हातांचें काम थोडें आहे हें मान्य. स्क्रू पिळावयास फारशी विद्या लागत नाहीं. खरी अडचण खरेदीपूर्वींच सुरू होते. प्रोसेसर ज्या बैठकीवर बसवावयाचा, ती इंटेलनें २०२१ सालीं आणली ती १७०० संपर्कबिंदूंची, २०२४ सालची १८५१ ची, आणि एएमडीची २०२२ सालची १७१८ ची. एकीचा प्रोसेसर दुसरीवर चालावयाचा नाहीं. डीडीआर ४ व डीडीआर ५ या दोन्ही जातींच्या रॅमच्या पट्ट्यांस संपर्क २८८ च. तथापि मधली खाच निराळ्या जागीं असल्यामुळें एकीच्या जागीं दुसरी शिरत नाहीं. कधीं सर्व कांहीं नीट बसूनहि यंत्र जागें होत नाहीं, कारण मदरबोर्डमधील मूळ आज्ञावली नव्या प्रोसेसराहून जुनी असते. सर्वांत फसवा प्रकार पॉवर सप्लायच्या सुट्या केबलींचा. एका कंपनीची केबल दुसरीच्या पेटीस बिनतक्रार बसते. परंतु आंतील तारांचा क्रम निराळा असला तर महागडे भाग जळून जातात. जें बसतें तें जुळतेंच असें नाहीं, हें नवशिक्यास कोण सांगणार?

गेल्या वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें वडिलांच्या सांठविलेल्या पैशांतून मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावरून भाग आणले. बसवितांना प्रोसेसर हातांतून निसटून बैठकीवर पडला व तिच्या केसासारख्या बारीक पिना वांकल्या. त्यानें सर्व खोक्यांत बंद केलें, आणि "अजून एक भाग यावयाचा आहे" असें पंधरा दिवस घरीं सांगितलें. शेवटीं आमच्याकडे येऊन तो म्हणाला, "सर, सगळे म्हणतात हें सोपें आहे, मग मलाच कां जमलें नाहीं?" आम्हांस लाज वाटली, कारण त्या 'सगळ्यां'मध्यें आम्हीहि होतों.

'सोपें' हा शब्द धीर देण्यासाठीं उच्चारला जातो. परंतु ज्याचें चुकतें त्यास तो मूर्ख ठरवितो व त्याचें तोंड बंद करितो. अवघड म्हणून सांगितलेल्या कामांत मदत मागावयास कोणी लाजत नाहीं.

लूककृत शुभवर्तमानांतील बुरूज बांधूं इच्छिणाऱ्याचा दाखला आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. आधीं बसून खर्च मोजावा, हा त्याचा बोध केवळ पैशापुरता नाहीं. लागणारें ज्ञान, वेळ व साह्य हींहि त्या खर्चांतच येतात. यास्तव, विद्यार्थ्यांनो, प्रथम भागांची यादी कागदावर लिहा, ती जाणत्यास दाखवा, आणि मगच दुकानाची पायरी चढा.

पालकांस विनंति एवढीच कीं, मूल "माझ्या हातून मोडलें" असें सांगावयास आलें, तर पहिला प्रश्न किंमतीचा नसावा. त्या विद्यार्थ्याच्या वडिलांनीं तो विचारला नाहीं. दुसरा मदरबोर्ड आला, तेव्हां ते स्वतः दिवा धरून मुलाशेजारीं बसले. आणि त्या रात्रीं यंत्र सुरू झालें.