पन्नास रुपयांचा तुरुंग

अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ या कायद्याचे कौतुक आपण पुष्कळ ऐकतो. प्रथमच चुकलेल्यास तुरुंगात न धाडता सद्वर्तनाच्या बंधपत्रावर सोडावे, हा त्याचा हेतू उदात्तच आहे. मात्र कौतुक करणारे बहुधा चौथ्या कलमापाशी थांबतात. नववे कलम कोणी वाचत नाही.

बंधपत्रात न्यायालय निवासाविषयी, मद्यपानाविषयी वा अन्य बाबींविषयी अटी घालू शकते. त्यांतील कोणतीही एक मोडली, की मूळ अपराधाची शिक्षा देण्याची मुभा नववे कलम देते. पहिल्या चुकीला पन्नास रुपयांपर्यंत दंडाचा पर्याय आहे खरा. पण तो मुदतीत न भरल्यास पुन्हा तीच मूळ शिक्षा! पुन्हा चोरी करणारा आणि पोटासाठी न विचारता बिऱ्हाड हलवणारा, दोघे कायद्याच्या लेखी एकाच पंक्तीला. भेद करायचा तो न्यायाधीशाच्या मर्जीने.

‘दया दाखवली, ती परत घेतली, यात अन्याय कसला?’ असे एक वकील मित्र विचारतात. सशर्त स्वातंत्र्य हे स्वातंत्र्यच नव्हे, असे मानले तरच हा प्रश्न शोभतो. अमेरिकेत १९८३ साली बेअर्डन खटला गाजला. जॉर्जियातील या माणसाला धड वाचता येत नव्हते. दंड व भरपाई मिळून ७५० डॉलर द्यायचे होते. २०० त्याने आईवडिलांकडून उसने घेऊन भरले, पुढे नोकरी गेली, बाकी थकली आणि परिवीक्षा रद्द होऊन तो तुरुंगात गेला. ऐपत असून टाळले की ऐपतच नव्हती, हे आधी पाहा, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने बजावले.

आपणांस इतके दूर जाण्याचेही कारण नाही. प्रामाणिक पण निर्धन ऋणकोला कैदेत टाकणे संविधानाच्या अनुच्छेद २१ शी विसंगत आहे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात १९८० सालीच म्हटले आहे. सावकाराचे बुडवणाऱ्या गरिबाला जे संरक्षण, ते सरकारचे पन्नास रुपये थकवणाऱ्याला का नसावे?

याच कायद्याचे परंतुक अपराध्याला वा त्याच्या जामीनदाराला कायमचे ठिकाण अथवा नियमित व्यवसाय हवा म्हणते. परमुलखात जामीनदार शोधणे म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांना विचारावे. मध्य प्रदेशातील मोतीराम या गवंड्याच्या भावाची जामीनकी, त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून, दंडाधिकाऱ्याने नाकारली होती. १९७८ साली न्या. कृष्ण अय्यर यांनी त्यावर कठोर ताशेरे ओढले. नवव्या कलमाला तसा न्यायाधीश अजून भेटायचा आहे.