नाव कुणाचं, वहिवाट कुणाची

एप्रिल 2023 मध्ये समलिंगी विवाहाचा खटला सर्वोच्च न्यायालयात उभा राहिला, तेव्हा केंद्र सरकारने लेखी सांगितलं की ही मागणी म्हणजे शहरी उच्चभ्रूंचा दृष्टिकोन आहे. बाकीचे आक्षेप जुने, पाठ झालेले. हा मात्र हुशारीचा होता. एकदा 'हे मुंबई-पुण्याकडचं खूळ' म्हटलं की रोहा-म्हसळ्याचा माणूस म्हणतो, आपल्याला काय त्याचं? म्हणून याचं उत्तर अलिबागेतून द्यायला हवं. ('अलिबागहून आलायस का?' म्हणून हसणाऱ्यांनी खुशाल हसावं. या वाक्प्रचारावर बंदी आणा म्हणून 2019 मध्ये उच्च न्यायालयात याचिका झाली होती. न्यायालयाने मनावर घेऊ नका असंच सुचवलं.)

खूळ शहरी आणि नवं असेल, तर र. धों. कर्व्यांना पत्रं लिहिणारे कोण होते? त्यांचं 'समाजस्वास्थ्य' मासिक 1927 पासून निघत होतं. 1934 मध्ये त्यावर अश्लीलतेचा खटला झाला तो वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून, आणि त्यांत समलैंगिकतेविषयीचे प्रश्नही होते. कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. आंबेडकर. खटला ते हरले, दंड झाला. पण प्रश्न विचारणारी माणसं मराठीत नव्वद वर्षांपूर्वीही होती एवढं कोर्टाच्या दप्तरी लागलं. अलीकडचं पाहायचं तर डिसेंबर 2017 मध्ये यवतमाळला दोन पुरुषांचं लग्न लागलं. तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम अजून जिवंत होतं. नेपाळात नोव्हेंबर 2023 मध्ये अशा पहिल्या विवाहाची नोंद झाली ती काठमांडूत नव्हे, लमजुंग जिल्ह्यातल्या दोर्दी गावपालिकेत. अशी माणसं शेतात राबणाऱ्या बायकांतही असतात, हे तेव्हाचे सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी समलिंगी विवाहाच्या खटल्यातल्या आपल्या निकालपत्रात स्पष्ट लिहिलं.

पण माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. कायद्याची गरज शहरापेक्षा गावालाच जास्त आहे. मुंबईत पैसा असला तर लग्नाच्या कागदावाचून बरंच भागवता येतं. वकील मिळतो, फ्लॅट दोघांच्या नावावर घेता येतो, शेजारी विचारत नाहीत. अलिबाग तालुक्यात मालमत्ता म्हणजे जमीन, आणि जमीन म्हणजे सातबारा.

समजा, चौलला नारळ-सुपारीची एक वाडी आहे. वाडी एकीच्या नावावर, वडिलांकडून आलेली. दुसरी वीस वर्षं तिच्याबरोबर राहते आहे. शिंपणं, सुपारी सोलणं, आजारपणं, सगळं दोघींनी मिळून केलं. पहिली वारली, तर हिंदू उत्तराधिकार कायद्याने वाडी जाते तिच्या बापाच्या वारसांकडे, म्हणजे भाऊ-पुतण्यांकडे, मग ते वर्षात एकदा गणपतीला येणारे का असेनात. तलाठ्याकडे वारस नोंद त्यांची होते. दुसरीचं नाव फेरफारात कुठेच येत नाही. हीच नवरा-बायको असती आणि वाडी नवऱ्याच्या नावावर असती, तर बायकोचं नाव वारसांत आपोआप आलं असतं.

इथे शहाणी माणसं म्हणतात, मृत्युपत्र करा की! त्यांनी जमिनीचा कायदा वाचलेला नाही. 1948 च्या कूळवहिवाट कायद्याच्या कलम 63 प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत वा बक्षीस देता येत नाही. शेतकरी दाखल्यावाचून काय अडतं ते किहीम-नागावच्या कुठल्याही एजंटाला विचारा. आणि गुजरातच्या एका प्रकरणात, याच 1948 च्या मुंबई राज्याच्या कायद्याचा अर्थ लावताना, सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवलं की अशा माणसाला शेतजमीन मृत्युपत्रानेही देता येत नाही. ती दुसरी बाई जन्माने शेतकरी नसेल, तर वीस वर्षं शेती करूनही तिच्या हाती काय राहील? घराचं म्हणाल, तर महाराष्ट्रात नवरा, बायको, मुलं-नातवंडं यांना राहतं घर बक्षीस द्यायला 200 रुपये मुद्रांक शुल्क लागतं; जोडीदाराला द्यायचं तर खरेदीखताइतकं.

हे सगळं अलिबागकराला सांगावं लागावं याचं मला नवल वाटतं. याच तालुक्यातल्या चरी गावी 1933 च्या ऑक्टोबरात नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायचं सोडलं आणि पाच-सहा वर्षं उपास काढून संप टिकवला. खोतीविरुद्धचं विधेयक आंबेडकरांनी 1937 मध्ये मांडलं, आणि पुढे कूळकायदे आले त्यांत त्या संपाचा वाटा मोठा. त्या माणसांचं म्हणणं काय होतं? कागदावर नाव खोताचं असेल, पण वहिवाट आमची आहे. कायद्याने वहिवाटीकडे बघावं. आज कुणी म्हणतं, संसार आम्ही करतो, नोंद मात्र ज्यांनी कधी केला नाही त्यांची होते. तर ते चरीचंच म्हणणं आहे.

सरकारला ही वहिवाट दिसत नाही असंही नाही. 2023 च्या निकालानंतर समिती नेमली गेली आणि 2024 मध्ये खुलासे निघाले: अशा जोडप्यांना रेशनकार्डासाठी एक कुटुंब धरावं, बँकेत संयुक्त खातं उघडू द्यावं, जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात द्यावा. म्हणजे तांदळापुरतं कुटुंब आणि सरणापुरतं कुटुंब. मधल्या आयुष्यात कुणी नाही.

विवाहाची व्याख्या हजारो वर्षं ठरलेली आहे, ती बदलता येत नाही, हा दुसरा आक्षेप. कुठली व्याख्या? 1946 पर्यंत मुंबई इलाख्यात हिंदू पुरुषाला हव्या तितक्या बायका करता येत होत्या. त्या वर्षीच्या कायद्याने ते बंद केलं, तेव्हाही धर्म बुडाल्याची ओरड झाली आणि प्रकरण 1951 मध्ये नरसू अप्पा माळी खटल्यात उच्च न्यायालयापर्यंत गेलं. घटस्फोट याच इलाख्यात 1947 मध्ये आला. भटजीवाचून लग्न लागूच शकत नाही अशी समजूत असताना 1873 मध्ये सत्यशोधक पद्धतीने लग्न लागलं. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं, तर त्यांच्या मुरुडने त्यांना वाळीत टाकलं. आज तेच मुरुड त्यांचं नाव अभिमानाने सांगतं. व्याख्या दर पिढीला बदलली आहे, आणि बदलणाऱ्यांत बहुतेक नावं मराठी आहेत.

मुलं होत नाहीत, हा आक्षेप फार वेळ घालवण्यासारखा नाही. साठीतल्या विधुराला विवाह अधिकारी मुलांबद्दल विचारत नाही.

ज्याबद्दल बोललं जात नाही ते वेगळंच आहे. 'लग्न करून द्या, सुधारेल' हा सल्ला कोकणात घरोघर दिला जातो. तो घेऊन ज्याचं लग्न लावतात त्याचं जे व्हायचं ते होतं, पण त्याच्या बायकोचं काय? तिला कुणी विचारलेलंच नसतं. आयुष्यभर ती स्वतःत खोट शोधत राहते. विवाहसंस्थेच्या पावित्र्याची काळजी असणाऱ्यांनी आधी या लग्नांची मोजदाद करावी.

एक गोष्ट मात्र मागणाऱ्यांनाही सांगायला हवी. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात 'पुरुष' आणि 'स्त्री'च्या जागी 'व्यक्ती' लिहून भागणार नाही. त्या कायद्यात तीस दिवसांची जाहीर नोटीस आहे. ती जिल्ह्याच्या ठिकाणी फलकावर लागली की संध्याकाळपर्यंत रेवदंड्याला पोचते. आंतरजातीय जोडप्यांना तिचा जाच आजही होतो. ती नोटीस आधी जायला हवी.

राहिला प्रश्न कुणी करायचं याचा. 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालात पाचही न्यायमूर्तींनी विवाह हा मूलभूत हक्क नाही असं म्हटलं, आणि नागरी सहजीवनाला मान्यता देण्याची मागणी तीन विरुद्ध दोनने फेटाळली गेली. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही गेल्या. संसदेने ठरवावं, असं सांगितलं गेलं. ठीक, न्यायालयाच्या मर्यादेचा तो मुद्दा मला मान्य आहे. पण सुप्रिया सुळे यांनी एप्रिल 2022 मध्ये लोकसभेत नेमकं हेच खासगी विधेयक मांडलं होतं, आणि ते पडून राहिलं. केंद्राने राज्यांचं मत मागवलं, तेव्हा राजस्थान, आंध्र आणि आसामने सरळ विरोध कळवला. महाराष्ट्राने वेळ मागितला.

तो वेळ भरपूर होऊन गेला. विवाह हा विषय समवर्ती सूचीत आहे. तमिळनाडूने 1967 मध्ये हिंदू विवाह कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती करून भटजीवाचूनच्या 'स्वाभिमान विवाहां'ना मान्यता दिली. आणि तेवढंही धैर्य नसेल, तर जमीन आणि बक्षीसपत्रावरच्या मुद्रांक शुल्काचे दर हे राज्याचे विषय आहेत. कलम 63 ला एक अपवाद आणि 200 रुपयांच्या यादीत एक नातं वाढवायला दिल्लीला विचारावं लागत नाही. रायगडच्या आमदारांपैकी कुणीही येत्या अधिवेशनात ही दुरुस्ती मांडू शकतो.