वाटेचें ऋण

पायीं चालण्याला युरोपांत हल्लीं पुन्हां प्रतिष्ठा आली आहे. इंग्लंडांतील कँटरबरीहून रोमला जाणाऱ्या ‘व्हिया फ्रांचिजेना’ नामक प्राचीन यात्रामार्गाला १९९४ सालीं कौन्सिल ऑफ युरोप ह्या संस्थेनें सांस्कृतिक मार्ग म्हणून मान्यता दिली, आणि पाठीवर पिशवी टाकून त्या वाटेनें जाणारांची ये-जा पुन्हां वाढूं लागली. ह्या मार्गाचा विशेष वाखाणला जाणारा भाग स्वित्झर्लंडांतील लोझान शहरापासून इटलींतील आओस्तापर्यंतचा. आठवडाभराची ही चाल प्रथम जिनिव्हा सरोवराच्या कांठच्या द्राक्षमळ्यांतून, मग ऱ्होन नदीच्या खोऱ्यांतून, आणि अखेरीस मार्तिन्यीपासून सुमारें दोन हजार मीटर चढून ग्रेट सेंट बर्नार्डच्या खिंडींतून जाते. स्वित्झर्लंड आमच्या मराठी मध्यमवर्गालाहि आतां अपरिचित राहिलेला नाहीं. मोटारीच्या कांचेंतून तीं शिखरें पाहून आलेलीं कुटुंबें पुष्कळ आहेत. तेव्हां त्या शिखरांखालून पायीं जाणारांसंबंधीं तिकडे जो वाद चालू आहे, त्यांत आपणहि थोडें लक्ष घालणें अप्रस्तुत होणार नाहीं.

वाद असा कीं, ह्या वाटेवर चालणारास यात्रेकरू म्हणावें कीं नुसता प्रवासी? ह्याबाबत तीन पक्ष पडले आहेत. पहिला पक्ष श्रद्धावंतांचा. ज्याला रोममधील समाधींचें दर्शन नको, त्यानें यात्रेकरूचें नांव लावूं नये, असें तो म्हणतो. दुसरा पक्ष आत्मशोधवाद्यांचा. त्याच्या मतें रोम हें निमित्त. चालणें हीच पूजा, आणि चालतांना मनाला जें गवसेल तेंच तीर्थ. तिसरा पक्ष कष्टवाद्यांचा. त्याला श्रद्धेशीं कर्तव्य नाहीं आणि आत्म्याशींहि नाहीं; जो आपलें ओझें मोटारीनें पुढें धाडतो, किंवा पावसाचें निमित्त करून मधला टप्पा आगगाडीनें उरकतो, तो लबाड, एवढेंच त्याचें शास्त्र. आमचें म्हणणें असें कीं, हे तिन्ही पक्ष चुकले आहेत, आणि तिघांची चूक एकच आहे. एक चालणाराच्या हृदयाकडे पाहतो, दुसरा त्याच्या मनाकडे, तिसरा त्याच्या पायांकडे. वाटेकडे कोणीच पाहत नाहीं.

वाट म्हणजे काय, ह्याविषयीं प्रथम एका जुन्या यात्रेकरूचीच साक्ष काढूं. कँटरबरीचा आर्चबिशप सिजेरिक हा आपल्या पदाचें वस्त्र पोपच्या हातून घेण्यासाठीं रोमला गेला होता. ९९० सालच्या त्याच्या परतीच्या प्रवासाची नोंद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींतील एका हस्तलिखितांत आहे. रोमपासून इंग्लिश खाडीपर्यंतच्या सुमारें ऐंशीं मुक्कामांची ती यादी आहे. आओस्ता, ऑर्सिएर, सँ-मोरीस, व्हेव्हे, लोझान हीं सर्व गांवें तींत सांपडतात. सांपडत नाहीं तें वर्णन. आल्प्स ओलांडून आलेल्या ह्या माणसाच्या यादींत एकाहि शिखराचा उल्लेख नाहीं, सरोवराच्या रंगाबद्दल अवाक्षर नाहीं, आणि अंतःकरणांत काय खळबळ झाली ह्याचीहि दाद नाहीं. टिपून ठेवण्याजोगें वाटलें तें एवढेंच कीं, रात्र कोठें काढतां येते. ह्याला अरसिकपणा म्हणणारे म्हणोत. आम्हांस तर ह्या रूक्ष यादींतच यात्रेचें मर्म दिसतें. मुक्काम म्हणजे परक्यासाठीं कोणीं तरी उघडलेलें दार, आणि अशा दारांची माळ म्हणजे वाट.

दार नसलें म्हणजे काय होतें, हें त्या काळच्या लोकांना चांगलें ठाऊक होतें. ९५९ सालीं, सिजेरिकप्रमाणेंच कँटरबरीच्या पदाचें वस्त्र आणावयास निघालेला एल्फसिज आल्प्समध्यें थंडीनें गारठून मेला. ९७२ सालीं क्लूनीच्या मठाचा अधिपति मायोल ह्याला फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ठाणें देऊन बसलेल्या अरब लुटारूंनीं ऑर्सिएरजवळ पकडलें आणि मोठी खंडणी घेऊन मगच सोडलें. पुढें अकराव्या शतकाच्या मध्यास आओस्ता येथील धर्माधिकारी बर्नार्ड ह्यानें २४६९ मीटर उंचीवरच्या त्या खिंडींत धर्मशाळा घातली. जेथें चुलीला काटकी मिळण्याची मारामार, जेथें वर्षाचे कित्येक महिने बर्फाचें राज्य, तेथें धर्मगुरूंनीं बारा महिने राहावें, वाट चुकलेल्यांस शोधून आणावें आणि येईल त्यास अन्न व ऊब द्यावी, असा हा नेम. त्यांच्या कुत्र्यांची कीर्ति जगभर पसरली. त्या कुत्र्यांमागून हिमांत शिरणाऱ्या माणसांचीं नांवें मात्र फारशीं कोणास ठाऊक नाहींत. १९६४ सालीं डोंगराखालून बोगदा झाला आणि वाहनें खालून जाऊं लागलीं. हिवाळ्यांत वरचा रस्ता बंद असतो, पायांना स्की किंवा हिमपादुका बांधून येणाराच तेथें पोंचूं शकतो; तरीहि धर्मशाळा उघडी असते.

ह्याहूनहि जुनी एक गोष्ट त्याच खिंडींत आहे. रोमन काळीं तेथें ज्युपिटरचें देऊळ होतें. त्याच्या जागीं सांपडलेल्या कांशाच्या पट्ट्या सैनिकांनीं व वाटसरूंनीं नवस फेडण्यासाठीं वाहिलेल्या आहेत. पुढें देव बदलला, धर्म बदलला, राज्यें बदललीं. खिंडींतून जाणारा माणूस कांहीं तरी देणें लागतो, ही जाणीव तेवढी बदलली नाहीं.

मळ्यांची कथाहि निराळी नाहीं. लोझानहून व्हेव्हेकडे जातांना लाव्होचे जे द्राक्षमळे लागतात, ते पाहून ‘निसर्गाची मुक्त उधळण’ म्हणण्याची रीत पडली आहे. निसर्गानें तेथें दिलें तें इतकेंच: उभा उतार, आणि खालीं पाणी. बाराव्या शतकांत लोझानच्या बिशपानें दिलेल्या जमिनीवर सिस्टर्शियन पंथाच्या साधूंनीं देझालेचा उतार फोडला, दगडावर दगड रचला, पायऱ्या पाडल्या. आणि पुढच्या पिढ्यांनीं तेंच काम चालविलें. आज त्या पायऱ्यांची संख्या दहा हजारांवर आहे, आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या भिंतींची लांबी शेंकडों किलोमीटर भरते. तेथील लोक म्हणतात कीं, आमच्या द्राक्षांना तीन सूर्य आहेत: एक आकाशांतला, दुसरा सरोवरांत प्रतिबिंबित झालेला, आणि तिसरा भिंतींच्या दगडांत सांठून राहिलेला. ह्यांपैकीं तिसरा सूर्य माणसानें बांधलेला आहे. आणि भिंत ढासळेल तेथें तो प्रत्येक वेळीं नव्यानें बांधावा लागतो.

ह्या उतारावर मळ्यांऐवजीं बंगले उभे राहण्याचा धोका दिसूं लागला, तेव्हां व्हो प्रांताच्या मतदारांनीं १९७७ सालीं कौल देऊन लाव्होचें रक्षण आपल्या प्रांताच्या घटनेंत घातलें. २००५ सालीं तोच कौल पुन्हां दिला. २००७ सालीं यूनेस्कोनें हा प्रदेश जागतिक वारशांत घेतला. २०१४ सालीं आणखी कडक निर्बंधांची मागणी आली, ती मात्र त्यांनीं नाकारली आणि सौम्य पर्याय पत्करला. पाहुण्याला जें रम्य दिसतें तें त्यांना जगवावें लागतें, आणि त्यांतच स्वतःहि जगावें लागतें. दोन-तीन तासांत ओलांडल्या जाणाऱ्या पायवाटेमागें मतपेट्यांचा असा इतिहास उभा आहे, हें किती चालणारांच्या ध्यानांत येत असेल?

वाटेचें देणें बुडविणारा प्रवासी कसा असतो, ह्याचें उदाहरणहि ह्याच वाटेवर आहे. १८०० सालच्या मे महिन्यांत नेपोलियन सुमारें चाळीस हजारांची फौज घेऊन ही खिंड चढला. डाव्हीद ह्या चित्रकारानें काढलेलें त्या प्रसंगाचें चित्र जगप्रसिद्ध आहे: उधळलेला शुभ्र घोडा, फडफडणारा झगा, पुढें केलेला हात. वस्तुतः स्वारी खेचरावर बसून एका स्थानिक वाटाड्यासह गेली. धर्मशाळेंतील धर्मगुरूंनीं त्या फौजेला अन्न आणि दारू दिली. धर्मसंस्थेच्या मिळकती जप्त करणाऱ्या राष्ट्राची ही फौज आहे, असा हिशेब त्यांनीं केला नाहीं. खिंडीखालच्या बूर-सँ-प्येर गांवचीं भांडीं गेलीं, झाडें तुटलीं, माणसें राबलीं. नेपोलियननें भरपाईचें लेखी वचन दिलें. पण गांवाचा हिशेब कधींच पुरता चुकता झाला नाहीं. अखेर १९८४ सालीं फ्रान्सकडून एक प्रतीकरूप भेट मिळाली, आणि तेवढ्यावर गांवानें समाधान मानलें. घोड्याचें चित्र सर्वांना ठाऊक आहे. भांडीं कोणाची होतीं, तें कोणी विचारीत नाहीं. आजचे चालणारे नेपोलियन नव्हेत, हें खरें. परंतु आपलें चित्र तेवढें उमटावें आणि वाटेचा हिशेब मागें राहावा, ही वृत्ति मात्र फार दुर्मिळ झालेली नाहीं.

आतां त्या तीन पक्षांकडे वळूं. श्रद्धावंतांस आमचें सांगणें असें कीं, तुमचीच धर्मशाळा तुमच्याविरुद्ध साक्ष देते. हिमांत गाडला जाणारा माणूस आस्तिक आहे कीं नास्तिक, हें विचारून त्याला बाहेर काढावयाचें नसतें. जें दार सर्वांसाठीं उघडें आहे, त्या दारापर्यंत जाणारी वाट एकट्या श्रद्धावंतांची कशी होईल?

आत्मशोधवाद्यांस एवढेंच विचारावयाचें कीं, आठवडाभर चालून तुम्हांला जर केवळ तुम्हीच सांपडत असाल, तर वाटेनें एवढे श्रम कशासाठीं घेतले? हजार वर्षांची धर्मशाळा आणि आठशें वर्षांचे मळे हे एका माणसाच्या मनाचे आरसे होण्यासाठीं उभे राहिलेले नाहींत. आरसा घरींहि असतो, आणि त्याला प्रवासखर्च पडत नाहीं.

कष्टवाद्यांचा पक्ष वरवर भक्कम दिसतो. पण तो सर्वांत पोकळ आहे. ज्यांना घोडें किंवा खेचर परवडे ते मध्ययुगींन यात्रेकरू खुशाल त्यावर बसून जात. पायांचें माहात्म्य पुष्कळसें पायांखेरीज दुसरें साधन नसल्यामुळें होतें. शिवाय कष्टांना मोजमाप लावावें तर तें कोणतें? रोममध्यें यात्रेचा जो दाखला मिळतो तो शेवटचे शंभर किलोमीटर पायीं चाललेल्यास मिळतो. म्हणजे आल्प्स ओलांडून आओस्तांत थांबलेल्यास दाखला नाहीं, आणि शेवटच्या सपाटीजवळ उतरून चाललेल्यास आहे. हा नियम करणारांना दोष देण्याचें कारण नाहीं. कोठें तरी रेघ ओढावी लागतेच. पण अशा रेघेवर यात्रेकरूची जात ठरवूं पाहणें हें मात्र हास्यास्पद आहे.

ह्यावर कोणी म्हणेल कीं, ऋण कसलें? बिछान्याचे पैसे दिले, जेवणाचे दिले, हिशेब संपला. बिछान्याचा हिशेब संपला हें कबूल. पण ज्या भिंतीच्या सावलींत तुम्ही पाणी प्यालां तिचे पैसे कोणीं मागितले? ज्या खांबावरील खुणेनें तुम्हांला धुक्यांत वाट दाखविली तिचें देयक कोणीं दिलें? मानवी जगांत जें खरोखर मोलाचें असतें त्यावर किंमत लिहिलेली नसते, आणि म्हणूनच तें देणें लागतो. आपल्याकडे तीन ऋणें सर्वांना ठाऊक आहेत. परंतु शतपथ ब्राह्मणांत चौथें एक सांगितलें आहे, तें मनुष्यांचें. तें अन्न आणि निवारा देऊन फेडावयाचें असतें. वारीच्या वाटेवरचीं गांवें ज्यानें पाहिलीं आहेत त्या मराठी वाचकास ह्या वचनाचा अर्थ फोडून सांगावयास नको.

यात्रेकरू कोण, ह्या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें ह्या चौथ्या ऋणांत आहे. वाटेनें आपल्याला काय दिलें हें ज्याला ठाऊक आहे, आणि तें फेडण्याची ज्याची तयारी आहे, तो यात्रेकरू. मग त्याच्या मनांत रोम असो वा नसो, त्याचें ओझें पाठीवर असो वा मोटारींत असो. त्यानें शहरांतून बांधून आणलेली शिदोरी खाण्यापेक्षां त्या गांवचा पाव व चीज विकत घ्यावें. जेथें ‘यथाशक्ति द्या’ अशी पेटी ठेवली असेल तेथें यथाशक्ति म्हणजे यथेच्छ असा अर्थ करूं नये. द्राक्षाचा घड मालकाच्या परवानगीवांचून तोडूं नये, आणि भिंतीवर चढून दगड ढिला करूं नये. घरीं परतल्यावर शिखरांबरोबर मुक्कामांचींहि नांवें सांगावींत. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, आपल्या गांवीं एखादा परका थकून आला, तर त्याच्यासाठीं दार उघडावें. कारण हें ऋण जेथें घेतलें तेथेंच फेडतां येतें असें नाहीं.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न नाहीं. खिंडींतल्या नेमासाठीं माणसें लागतात, आणि भिंती रचावयास हात लागतात. हे हात आणि तीं माणसें चालणारांच्या कौतुकावर जगत नाहींत. तीं उद्यां थकलीं, तर डोंगर तेथेंच राहतील, सरोवर तेथेंच राहील, नकाशावरची रेघहि राहील, आणि श्रद्धा, आत्मशोध व कष्ट ह्यांचा वाद घालणारेहि राहतील. फक्त ज्या वाटेवरून हा वाद घालावयाचा, ती वाट राहणार नाहीं.