शहाण्याने पायरी चढावी

मुंबईहून सुटलेली एसटी पहाटे लांज्याच्या स्टँडवर थांबते. गणपती नाहीत, शिमगा नाही, तरी एखादी लेक एकटीच पिशवी घेऊन उतरते. घरी चहा होतो. ती सारे सांगते, तेव्हा वडीलधारे म्हणतात, "राहा चार दिवस. राग निवळला की पोचवून येऊ."

पण राग निवळला म्हणजे धोका टळला असे नव्हे. वसईच्या श्रद्धा वालकरने नोव्हेंबर २०२० मध्ये तुळिंज पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली होती. सोबत राहणारा जोडीदार मारतो, तुकडे करण्याची धमकी देतो, असे तीत लिहिले होते. पुढे समेट झाला आणि महिनाभरात तिने तक्रार मागे घेतली. मे २०२२ मध्ये दिल्लीत तिचा खून झाला आणि त्याच जोडीदारावर खटला उभा राहिला.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा लग्नाशिवाय केलेल्या संसारालाही लागू आहे, आणि वेगळे झाल्यावरही. मारहाण मुंबईत झाली म्हणून अर्ज मुंबईतच करावा लागतो, हा समज चुकीचा. लेक आज जिथे राहते, मग ते तात्पुरते का असेना, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. संरक्षण अधिकारी त्यात मदत करतात. पहिली तारीख साधारणतः तीन दिवसांत मिळावी, असे कायदा म्हणतो. निकड असेल तर त्याचे म्हणणे ऐकण्याआधीही अंतरिम आदेश निघू शकतो. तो देशभर चालतो. मोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

एकत्र न राहिलेला कुणी पाठलाग करत असेल, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ आहे. मात्र पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र असतो. तक्रार दिली म्हणून घरच्यांनी निर्धास्त होऊ नये.

माझी नोकरी बँकेत गेली. तोंडी गाऱ्हाणे सांगणाऱ्याला आम्ही म्हणत असू, लिहून द्या आणि पोच घ्या. इथेही तेच. धमकीचे संदेश पुसू नका, तारखा वहीत टिपा, दवाखान्याचे कागद जपा. प्रसंग ओढवलाच तर ११२ फिरवा. सल्ल्यासाठी १८१ आहे.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. ज्याने ही म्हण केली, त्याच्या दारात लेक अशी पहाटे आली नसावी. ती पायरी तिला चढावी लागली, तर बरोबर बापाने चढावी.