भुतानेही शब्द पाळावा

अद्भुत कथेला तर्क लागत नाही, हा आपल्याकडचा एक गोड गैरसमज आहे. मालिकेतल्या भुताविषयी शंका काढली की "अहो, भूतच ते! त्याला कसले आले नियम?" असे म्हणून मंडळी मोकळी होतात. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. नियम माणूस मोडतो; भुताला ती सवलत नाही.

आपल्या आज्यांना हे पक्के ठाऊक होते. मुंजा पिंपळावर राही, आंब्यावर नव्हे. हडळ कितीही नटली तरी पाय उलटे ते उलटेच. राजा बोलला की वेताळ झाडावर परत. मग राजा कितीही दमलेला असो. हिरण्यकशिपूचा वर अडचणीचा ठरला म्हणून देवाने तो रद्द केला नाही. तिन्हीसांजेची वेळ धरून नरसिंहाला उंबरठ्यावर बसावे लागले. पोटातला कच बाहेर आला तर शुक्राचार्य मरणार, म्हणून संजीवनी आधी कचालाच शिकवावी लागली. जादूला असे बंधन असते, म्हणून ती खरी वाटते.

आता हेच माप 'रात्रीस खेळ चाले'ला लावू. आमच्या कामोठ्यात कोकणातून आलेली बिऱ्हाडे पुष्कळ. आकेरीचा वाडा, मालवणी बोली, अण्णा नाईकांचा दरारा त्यांना घरचाच वाटला. 2016च्या पहिल्या पर्वाची कथा अण्णांच्या मृत्यूपासून सुरू झाली. 2019च्या दुसऱ्यात काळ मागे नेऊन जिवंत अण्णा आणि शेवंता दाखवली. 2021च्या तिसऱ्यात दोघांची भुते वावरू लागली. तीन पर्वे झाली, पण या भुतांना काय जमते आणि काय जमत नाही, हे प्रेक्षकाच्या मनावर काही ठसले नाही.

त्यातच तिसरे पर्व चालू असताना अपूर्वा नेमळेकर गेल्या आणि कृतिका तुळसकर शेवंता म्हणून आल्या. नटीने काम सोडणे हा तिचा हक्क. नव्या नटीचाही दोष नाही. परंतु जिवंत माणूस निदान म्हातारा तरी होतो. मेलेल्या बाईचा चेहरा बदलावा कसा? हे आत्मे रूप पालटतात, एवढे एक वाक्य आरंभीच पेरून ठेवले असते, तर अडचणीतून नवी भीती निर्माण झाली असती! इतर मालिकांत तर पात्र 'गावाला' जाते ते कायमचेच. भीष्मांनी जाण्यासाठी उत्तरायणाची वाट पाहिली. आमच्या पात्रांना निरोपाचा नमस्कारही मिळत नाही.

यावर उत्तर ठरलेले : रोज एक भाग काढायचा, विचाराला वेळ कुठे? मग त्याच कोकणातला दशावतार पाहा. हाती लिहिलेले संवाद नाहीत. रात्रभर नट आयत्या वेळी बोलतात, प्रेक्षकांना हसवतात. पण मिळालेला वर आणि दिलेला शाप यांची ओढाताण होऊ देत नाहीत. अडचण वेळेची नव्हे, आदराची आहे. प्रेक्षकाला कालचे आठवत नाही, असे एकदा गृहीत धरले की सगळेच चालून जाते.

आणि ते चालवून घेणारे आपणच. शेजारी बसलेले पोर विचारते, "ही शेवंता वेगळी का?" आपण म्हणतो, "गप बस, बघ!" दिलेला शब्द दुसऱ्या दिवशी विसरला तरी चालतो, हा धडा त्याला तिथेच मिळतो. यंदा फराळाच्या ताटाशी त्याने अशी शंका काढली, तर दटावू नका. घरात तेवढा एकच समीक्षक जागा आहे.