आधी विचारा, मग मागवा!

बंगळूरला समुद्र नाही. त्यामुळे सुट्टीत कारवार गाठलं, की किनाऱ्यावरच्या खाणावळीत बसताच मुलांचा हट्ट सुरू होतो, ‘सुरमईच हवी!’ पण जरा थांबा. कर्नाटकाच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते. हा माशांच्या विणीचा काळ. तेव्हा ताटात आलेली सुरमई बहुधा बर्फातली! म्हणून मालकालाच विचारा, ‘आज ताजं काय आलंय?’ छोट्या होडीतली मासळी मिळाली तर उत्तम, नाहीतर सुका बांगडा आहेच. सोबत ओल्या नारळाचं, तिरफळ घातलेलं हुमण, उकडा भात आणि सोलकढी. सुरमईसाठी पुन्हा हिवाळ्यात या. विणीला निघालेली मासळी वाचली, तरच ती तेव्हा ताटात येईल.