मान कोणाचा, मार कोणाच्या नावावर?

लोकप्रतिनिधीचा अपमान हा त्याच्या मतदारांचा अपमान होय, असे आपल्याकडे मोठ्या आवेशाने सांगितले जाते. हे तत्त्व खरे मानले, तर त्याची दुसरी बाजूही स्वीकारावी लागेल. त्याने केलेला अपमानही मतदारांच्याच नावावर जमा होतो. ही दुसरी बाजू आपण सोयीने विसरतो.

प्रा. रवींद्र गायकवाड यांची कारकीर्द या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने उमरगा तालुका उद्ध्वस्त झाला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९९५ मध्ये, तेथील जनतेने त्यांना शिवसेनेचे आमदार म्हणून निवडून दिले आणि २००४ मध्ये पुन्हा विधानसभेत पाठविले. २००९ ची लोकसभा निवडणूक ते थोडक्यात हरले. २०१४ मध्ये मात्र डॉ. पद्मसिंह पाटलांसारख्या मातब्बर नेत्याला दोन लाखांहून अधिक मतांनी हरवून ते उस्मानाबादचे खासदार झाले. एवढा विश्वास फार थोड्यांच्या वाट्याला येतो.

२३ मार्च २०१७ रोजी पुण्याहून दिल्लीला गेलेल्या एअर इंडियाच्या विमानात वरचा वर्गच नव्हता. या कारणावरून खासदारांनी एका वयस्क अधिकाऱ्याला चपलेने मारले आणि पंचवीस वेळा मारले, असे स्वतःच वाहिन्यांना सांगितले. प्राध्यापक ही उपाधी नावामागे लावणाऱ्या गृहस्थाने हा आकडा अभिमानाने मोजावा, याला काय म्हणावे?

त्याहून खेदाची गोष्ट पुढे घडली. विमान कंपन्यांनी त्यांना प्रवास नाकारताच उमरग्यात बंद पाळण्यात आला. लोकसभेत त्यांनी सभागृहाची क्षमा मागितली, परंतु मार खाल्लेल्या अधिकाऱ्याची मागितली नाही. त्यांच्या पक्षाचे केंद्रीय मंत्री तर विमान वाहतूक मंत्र्यांवरच धावून गेले. अखेर मंत्र्यांना खेदाचे पत्र गेले आणि बंदी उठली.

आता विचारावेसे वाटते, की कोरड्या विहिरींसाठी आणि वाळलेल्या पिकांसाठी बाजारपेठ इतक्या तत्परतेने बंद होते काय? तेव्हा एअर इंडिया सरकारी मालकीची होती. तो अधिकारीही जनतेचाच नोकर होता. मग एका जनसेवकाचा मान राखण्यासाठी दुसऱ्याच्या पाठीचा विचारही होऊ नये?

सप्टेंबर २०१७ मध्ये गैरवर्तन करणाऱ्या प्रवाशांसाठी प्रवासबंदीचे नियम आले. २०१९ मध्ये पक्षाने गायकवाडांना उमेदवारी दिली नाही. परंतु नियम सरकारने केला, उमेदवारी पक्षाने नाकारली. मतदाराने काय केले? धाराशिवच्या सुजाण मतदाराने एवढे तरी ठरवावे, की आमच्या मताने मिळालेले आसन दुबळ्यावर हात उगारण्याचा परवाना नाही, आणि असा हात उगारला गेल्यास आमची दुकाने त्या हाताच्या समर्थनार्थ बंद होणार नाहीत.